म्युनिकहून घाट उतरून क्रोएशियाच्या समुद्रावर: दहा दिवसांची गाडीची सहल कशी आखावी

मे महिना आला की म्युनिकमधल्या मराठी मंडळींत एक प्रश्न हमखास फिरतो: क्रोएशियाला गाडीनं किती तास लागतात? तिथल्या रोविन्य या समुद्रकाठच्या गावापर्यंत साडेपाचशे ते सहाशे किलोमीटर, म्हणजे एका दिवसात पोचता येतं. आम्ही पहिल्या वर्षी तसंच केलं, तेही ऑगस्टमधल्या शनिवारी. ऑस्ट्रिया-स्लोव्हेनिया सीमेवरच्या कारावांकन बोगद्यापाशी गाड्या थोड्या थोड्या करून सोडत होते. मुलं रडकुंडीला आली, दशम्या संपल्या आणि आल्प्स म्हणून आम्ही पाहिला तो पुढच्या कॅराव्हॅनचा मागचा भाग. तेव्हापासून आम्ही घाटाला तीन दिवस देतो.

तारीख आधी ठरवा. जून किंवा सप्टेंबर उत्तम; फक्त बव्हेरियातली (म्युनिकच्या राज्यातली) पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवड्यांची सुट्टी टाळा. सोमवारी किंवा मंगळवारी निघा. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी महामार्ग तुंबला म्हणून आतल्या गावांतून काढायचं म्हणाल, तर ऑस्ट्रियाच्या टिरोल आणि झाल्झबुर्ग प्रांतांत अशा वाहनांना बऱ्याच ठिकाणी महामार्गावरून बाहेर पडायला बंदी असते.

कागदपत्रं. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया हे चारही देश शेंगेनमध्ये, म्हणजे आपसांतल्या सीमांवर एरवी तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात आहेत; क्रोएशिया 1 जानेवारी 2023 रोजी आला आणि त्याच दिवशी तिथे युरोही आला. तरी या सीमांवर अधूनमधून तपासणी होते. पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड मूळचंच हवं, मोबाइलमधला फोटो चालत नाही. भारतातलं लायसन्स जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं, पुढे जर्मन लायसन्स लागतं. गाडी भाड्याची असेल तर कोणकोणत्या देशांत न्यायला परवानगी आहे ते करारात लेखी घ्या.

आई-बाबा भारतातून आलेले असतील आणि त्यांचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर क्रोएशियाच्या दक्षिण टोकाच्या दुब्रोव्हनिक शहराचा मोह झाल्यावर नकाशा नीट पाहा. जुना किनारी रस्ता नेऊमपाशी बोस्नियातून जातो आणि बोस्निया शेंगेनमध्ये नाही. एकदा बाहेर पडलात की व्हिसा संपला. जुलै 2022 मध्ये सुरू झालेल्या पेल्येशाच पुलावरून गेलात तर क्रोएशिया सोडावाच लागत नाही.

मार्ग. पहिल्या दिवशी कुफश्टाइनवरून ऑस्ट्रियातल्या झेल आम झे या गावाच्या परिसरात मुक्काम. दुसऱ्या दिवशी ग्रोसग्लॉकनर या डोंगराजवळून जाणारा घाटरस्ता: 1935 साली खुला झालेला, 48 किलोमीटर, 36 वळणं, माथा 2504 मीटरवर. त्याचा टोल वेगळा आहे. तो साधारण मे ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडा असतो आणि रात्री बंद होतो, म्हणून सकाळी लवकर चढा. मग लिएन्झ, फिलाख आणि 18 टक्के चढाचा वुर्झन घाट ओलांडून स्लोव्हेनियातलं क्रान्स्का गोरा.

तिसरा दिवस व्हर्शिचचा. माझ्या मते सगळ्या प्रवासातला हा सर्वांत देखणा तुकडा. 1611 मीटर उंचीची खिंड आणि क्रमांक लावलेली 50 वळणं. उत्तरेकडच्या वळणांवर अजून दगडी फरसबंदी आहे, पावसात ती निसरडी होते. हा रस्ता पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून करून घेतला. 1916 च्या हिमस्खलनात त्यांतले अनेक गाडले गेले; त्यांच्या सोबत्यांनी बांधलेलं छोटं लाकडी चर्च आठव्या वळणाजवळ आहे. तिथे थांबाच. पलीकडे उतरलं की सोचा नदी. तिचा हिरवानिळा रंग फोटोत खोटा वाटतो. मुक्काम बोवेत्सला करा.

उतरताना आपल्या एसटी चालकांचा नियम पाळा: ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गियर निवडता येतो. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात.

व्हिन्येटचं, म्हणजे महामार्ग वापरायच्या ठरावीक मुदतीच्या टोल-पासाचं गणित. ऑस्ट्रियाचं दहा दिवसांचं व्हिन्येट पूर्ण सहलीला पुरतं. स्लोव्हेनियाचं छोटं व्हिन्येट सात दिवसांचं, पण ते महामार्गांसाठीच असतं. व्हर्शिच आणि सोचाकाठचे रस्ते त्यात येत नाहीत. म्हणून ते चौथ्या दिवसापासून घ्या, दहाव्यापर्यंत चालतं. नसेल तर दंड 300 युरोंपासून पुढे. दोन्ही गाडीच्या नंबरवर ऑनलाइन मिळतात, फक्त आस्फिनाग (ऑस्ट्रिया) आणि दार्स (स्लोव्हेनिया) या महामार्ग कंपन्यांच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, मधले दलाल जास्त पैसे लावतात. नंबर भरताना ओ अक्षर की शून्य, हे दोनदा बघा. परतीच्या कारावांकन बोगद्याचा आणि ऑस्ट्रियातल्या ताउएर्न महामार्गाच्या टप्प्याचा टोल व्हिन्येटमध्ये धरलेला नसतो.

गाडीत काय हवं. धोक्याचा इशारा देणारा त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि चकाकतं जाकीट. जाकीट डिकीत नको, हाताशी ठेवा. स्लोव्हेनियात दिवसाही दिवे लावावे लागतात. महामार्गावर गाड्या थांबल्या की डावीकडच्या लेनवाल्यांनी डावीकडे, बाकीच्यांनी उजवीकडे सरकून रुग्णवाहिकेसाठी मधली वाट मोकळी करायची असते.

समुद्रावर. चौथ्या दिवशी स्लोव्हेनियाच्या किनाऱ्यावरचं पिरान पाहून रोविन्य गाठा. पिरानच्या जुन्या गावात गाडी नेता येत नाही, बाहेरच्या गॅरेजमध्ये लावून चालत जा. राहायला स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. मेतकूट, तांदूळ आणि छोटा कुकर नेला की शाकाहारी माणसांची चिंता मिटते. किनारा रत्नागिरीसारखा वाळूचा नाही, खडे आणि खडक आहेत आणि पाण्यात काटेरी सागरी साळू (सी अर्चिन). पाण्यात घालायचे रबरी बूट सगळ्यांसाठी घ्या.

नवव्या दिवशी स्लोव्हेनियातल्या ब्लेड गावाजवळ मुक्काम करून दहाव्या दिवशी घरी. झाल्झबुर्गनंतर जर्मन पोलीस गाड्या थांबवतात, तेव्हा पासपोर्ट ओल्या टॉवेलांच्या पिशवीखाली नसावेत.