काचेवरची रांगोळी आणि एकटीने केलेला लघुपट

जाहिरातींचे अॅनिमेशन करणाऱ्या एका स्टुडिओत सहा वर्षे काम केल्यावर मी मुंबईतल्या घरीच, एकटीने, दोन मिनिटांचा लघुपट केला. त्या कामात जे शिकले ते या वाटेला येऊ पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

स्टुडिओत कथा, स्टोरीबोर्ड (दृश्यांची क्रमवार रेखाटने) आणि अॅनिमॅटिक (त्या रेखाटनांची वेळेनुसार जोडलेली कच्ची फिल्म) आधी ठरतात आणि अॅनिमेटर त्यानंतर येतो. प्रायोगिक अॅनिमेशनमध्ये पुष्कळदा साहित्य आधी येते आणि काय सांगता येईल हे बऱ्याच अंशी तेच ठरवते. कॅरोलिन लीफ यांनी १९६९ मध्ये, हार्वर्डला शिकताना, खालून उजेड दिलेल्या काचेवर वाळू पसरून आपला पहिला लघुपट केला. अहमदाबादच्या एनआयडीतून, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून, पुढे आलेल्या ईशू पटेल यांनी १९७७ मध्ये कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डसाठी केवळ मणी सरकवून लघुपट घडवला. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या प्रमोद पती यांनी १९७२ मध्ये चित्रकार आबिद सुरती यांनाच कळसूत्री बाहुलीसारखे एकेका चौकटीत (फ्रेममध्ये, म्हणजे फिल्मवरच्या एकेका स्थिर चित्रात) हलवून दाखवले. सरकारी संस्थेत राहून इतके धाडस करता येते, हे मला आजही फार मोलाचे वाटते. त्याही आधी दादासाहेब फाळके यांनी, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून, वाटाण्याच्या रोपाची वाढ चौकटी-चौकटीने टिपली होती. हे लघुपट पाहताना त्यातली गोष्ट काय आहे यापेक्षा ते कशाने केले आहेत, हा प्रश्न स्वतःला आधी विचारावा.

मी वाळूपासून सुरुवात केली. चौपाटीवरून आणलेली वाळू धुऊन, वाळवून, पिठाच्या चाळणीने चाळली, तरी ती जाड राहिली आणि चेहऱ्यावरची बारीक रेषा तिच्यात उमटेना. मग देवघराजवळची रांगोळीची पुडी काढली. पांढरी रांगोळी काचेवर ठेवून खालून उजेड दिला की ती काळी दिसते, आणि बोटाने विरळ केली की करडी होते. ज्या चिमटीने आई रोज उंबऱ्यावर रेघ ओढते त्याच चिमटीने मला सावल्या काढता येऊ लागल्या. माझ्या लघुपटाचा विषय, म्हणजे पहाटेचे अंगण, तिथूनच सुचला.

मांडणी साधी असते. दोन स्टुलांवर जाड काच, तिच्याखाली ट्रेसिंग पेपर आणि दिवा, आणि वर घट्ट बसवलेला, खाली तोंड केलेला कॅमेरा. चुका मात्र इथेच होतात. कॅमेऱ्याचे फोकस, एक्स्पोजर (किती उजेड टिपायचा ते) आणि व्हाइट बॅलन्स (पांढऱ्या रंगाची छटा) हाताने ठरवून कायम करावे. मी पहिल्या आठवड्यात व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवले आणि त्या सगळ्या चौकटी लुकलुकू लागल्याने टाकून द्याव्या लागल्या. खिडकीचा उजेड जाड पडद्याने बंद करावा. पंखाही बंद ठेवावा लागतो, आणि मे महिन्यात ते सोपे नसते.

हिशेब आधी मांडावा. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. प्रत्येक चित्र दोनदा वापरले तर १२ चित्रे पुरतात, म्हणजे दोन मिनिटांसाठी १४४० चित्रे. नोकरीवरून आल्यावर तीन तासांत माझी सरासरी ४५ चित्रे होत, त्यामुळे कागदावर ३२ संध्याकाळी पुरेशा होत्या. प्रत्यक्षात सात महिने लागले, कारण या पद्धतीत मागे जाऊन दुरुस्ती करता येत नाही: पुढचे चित्र करायचे तर आधीचे पुसावेच लागते. म्हणून पहिला प्रयत्न तीस सेकंदांचा असावा, असा माझा आग्रह आहे. लांबीमुळे अर्धवट राहिलेली कामे मी माझ्या आणि मित्रांच्या कपाटांत पुष्कळ पाहिली आहेत.

पैशांबद्दल स्पष्ट सांगते. अशा लघुपटावर घर चालत नाही. माझ्या ओळखीचे स्वतंत्र अॅनिमेटर शिकवतात, पुस्तकांसाठी चित्रे काढतात किंवा वर्षातले काही महिने जाहिरातींची कामे घेतात. नोकरी सोडण्याची घाई करू नये, पण आठवड्यातल्या दोन संध्याकाळी कोणालाही देऊ नयेत. महोत्सवांपैकी मिफ्फ, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आपल्याला जवळचा आहे आणि १९६० पासून चालत आलेला फ्रान्समधला आनसीचा महोत्सव या क्षेत्रातला सर्वांत मानाचा मानला जातो. प्रवेशशुल्क आणि नियम पाहूनच अर्ज करावा. संगीत मात्र परवानगीशिवाय वापरू नये; मी आवाजासाठी उंबऱ्यावरची केरसुणी आणि शेजारच्या हापशाचा खडखडाट मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला, आणि तो चित्राला चांगला मिळाला.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळावी: रोजच्या चौकटी दोन वेगळ्या डिस्कवर उतरवूनच दिवा मालवावा. काम संपले तेव्हा काचेवर फक्त शेवटचे चित्र होते आणि तेही मी ओल्या फडक्याने पुसले; त्या १४४० चित्रांपैकी आता जे काही आहे ते त्या दोन डिस्कांवरच आहे.