पेरणी यंत्र शेडला लावण्याआधी

खंडेनवमीला अवजारं घासूनपुसून पुजली जातात, पण त्यांना खरी गरज असते ती त्यानंतर महिन्या-दीड महिन्यानं. हरभरा-गव्हाची पेरणी उरकली की यंत्र मातीसकट कुडाच्या कडेला लागतं आणि मग थेट मृगाच्या तोंडावर आठवतं. पाऊस गेला, आता कसला गंज, असं आपण धरून चालतो.

लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन दोन्ही लागतात. पाणी मात्र थेंबभरही पुरतं. थंडीच्या रात्री उघड्यावरचं लोखंड भोवतालच्या हवेपेक्षा गार पडतं, त्यावर दव धरतं आणि सकाळी ऊन चढेपर्यंत ते ओलं राहतं. त्यातही खताची पेटी सगळ्यात आधी जाते. ३० अंश तापमानाला हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की युरिया हवेतलं पाणी ओढून ओला होतो. म्युरेट ऑफ पोटॅश या खतातलं क्लोराइड तर गंजाला आणखी वेग देतं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात कोकणातले खिळे-पत्रे लवकर जातात तेही क्लोराइडमुळेच. शिवाय गंजाचा थर भुसभुशीत असतो. अ‍ॅल्युमिनियमवरचा थर घट्ट चिकटून आतल्या धातूला जपतो, गंज उलट ओल धरून ठेवतो.

म्हणून शेवटचं वावर पेरून झालं की त्याच संध्याकाळी खताची पेटी रिकामी करा. रोलर हातानं फिरवून कोपऱ्यातलं खत काढा, नळ्या सोडवून धुवा. यंत्र उन्हात पूर्ण वाळू द्या. ओल्यावर तेल फासलं तर पाणी आतच कोंडतं. बेअरिंगमध्ये पाण्याची धार मारू नका. धुऊन झाल्यावर जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा.

फण आणि फाळ मातीत घासतात, तिथं रंग टिकत नाही, ग्रीसचा पातळ हात पुरे. सांगाड्याला मात्र रंग हवा. आधी तारेच्या ब्रशनं गंज खरवडा, मग रेड ऑक्साइडचा अस्तराचा हात, त्यावर ऑइलपेंट. गंजावरच रंग मारणं म्हणजे पैसे वाया, कारण आत गंज वाढतच राहतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. गाडीचं जळकं ऑइल गावोगाव वापरतात. माझं मत विचाराल तर ते टाळा. बियाण्याच्या पेटीत तर नकोच.

द्राक्षबागायतदारांसाठी वेगळी गोष्ट. मोरचुदाचं द्रावण लोखंडी ड्रममध्ये करू नका. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड विरघळून द्रावणात उतरतं. ड्रमही जातो, औषधही बिघडतं. प्लास्टिकची टाकी घ्या. हाच गुण तपासणीला कामी येतो. मोरचूद आणि चुना मिसळून केलेल्या तयार बोर्डो मिश्रणात घासून लख्ख केलेला विळा थोडा वेळ बुडवा, तांबूस थर दिसला तर चुन्याची निवळी आणखी घाला. फवारणीनंतर पंपातून साधं पाणी सोडायला विसरू नका.

नवे गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे आणले असतील तर ओले असताना एकावर एक रचू नका, जस्तावर पांढरी बुरशीसारखी भुकटी धरते.

नटबोल्टही आताच एकदा ढिले करून, तेल सोडून पुन्हा आवळा. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून नट आट्यांत जाम होतो. आधीच जाम झालेल्या नटावर डिझेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी हातोडीचे हलके ठोके द्या आणि मगच पाना लावा.