स्वस्तातली बोल्ट रायफल आणि स्कोप : गोव्यात सुरुवात कशी करावी

रायफल घ्यायचं मनात आलं की माणूस आधी किमती बघत बसतो. तिथेच गाडी उलट्या दिशेला लागते. आपल्याकडे परवान्याशिवाय रायफल घरात येत नाही आणि नेमबाजीसाठी परवाना हवा असेल तर क्लबशिवाय अर्जाला वजन येत नाही. म्हणून क्रम असा धरा : क्लब, कागद, रायफल, माउंट (स्कोप रायफलीवर पक्का धरणाऱ्या कड्या), स्कोप (नेम धरायची दुर्बीण). बजेट बेताचं असेल तर काटकसर रायफलीच्या दिसण्यावर आणि स्कोपच्या आकड्यांवर करा. माउंट आणि काडतुसं यांत करू नका.

एक गोष्ट आधीच सांगतो. सत्तरी, सांगे, काणकोणकडचे काही जण रायफल म्हटली की रानडुकराचा विषय काढतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे आणि पिकाची नासाडी झाली म्हणून स्वतःहून गोळी घालता येत नाही. शेतीरक्षणाच्या बंदुकीचा परवाना हा वेगळा प्रकार आहे, त्याची इथे गल्लत नको. हा लेख कागदी निशाणावर नेम धरणाऱ्यांसाठी आहे.

क्लब आणि कागद

मान्यताप्राप्त रायफल क्लबचं सदस्यत्व घ्या आणि काही महिने क्लबच्याच रायफलीवर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली सराव करा. या काळात आपल्याला हा छंद झेपतो का, हे कळतं. बऱ्याच जणांना नाही झेपत, आणि ते रायफल घेण्याआधी कळलेलं बरं. दुसरा फायदा कायद्याचा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्याने निशाणबाजीसाठी मागितलेल्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे. ‘शौक आहे’ एवढ्या कारणाने केलेला अर्ज आणि क्लबच्या पत्रासह केलेला अर्ज, यांत मोठं अंतर पडतं.

अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा. उत्तर गोव्याचं कार्यालय पणजीत आहे, दक्षिण गोव्याचं मडगावात. वय २१ पूर्ण हवं. पोलीस पडताळणी होते. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखलाही लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आणि एका व्यक्तीकडे सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात (मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्याच्या निशाणबाजीच्या पॉइंट टू-टू रायफलीला कायद्यात यातून सूट आहे). घरात आजोबांची जुनी बंदूक तुमच्या नावावर चढलेली असेल, तर हा हिशेब आधी करा.

परवाना हातात आला की तो कोणत्या हद्दीत चालतो आणि किती काडतुसं घेता येतात, हे नीट वाचा. स्पर्धेसाठी बेळगावला किंवा कोल्हापूरला जाणाऱ्यांनी तर जरूर वाचावं. आणखी एक गोम आहे. अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरायला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि मोलेवरून अनमोड घाटाकडे जाणारा रस्ता जंगलखात्याच्या संरक्षित भागातूनच जातो. निघण्याआधी वन खात्याकडे विचारून घ्या, तपासणी नाक्यावर कायदा समजून घेण्याची वेळ आणू नका.

एवढी दगदग आत्ता नको असेल तर ४.५ मिमीची, २० जूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय मिळते. श्वास, चाप आणि नजर यांचं बाळबोध शिक्षण तिच्यावर उत्तम होतं. मात्र स्प्रिंगची एअर रायफल पुढे आणि मागे असे दोन्हीकडे झटके देते. साध्या रायफलीसाठी बनवलेला स्कोप तिच्यावर लवकर खिळखिळा होतो, तेव्हा एअर रायफलसाठी म्हणूनच बनवलेला घ्या.

कोणती रायफल

पहिली रायफल पॉइंट टू-टूचीच (.२२, म्हणजे सुमारे ०.२२ इंच नळीची) असावी, असं माझं ठाम मत आहे. इशापूरच्या कारखान्याची .३१५ देशात परवानाधारकांकडे बरीच दिसते आणि तिचा रुबाबही वेगळा, पण धक्का जास्त, काडतूस महाग आणि नवशिक्याला आवाजाने दचकायची सवय लागते. ती एकदा लागली की सुटता सुटत नाही. .२२ ला धक्का जवळजवळ नसतोच, त्यामुळे गोळी चुकली तर ती आपल्यामुळे चुकली हे लगेच कळतं. ऑलिंपिकमधली ५० मीटर रायफल हीसुद्धा .२२ चीच. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला याच अंतरावर जागतिक विजेतेपद मिळवलं आणि स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक. त्या प्रकारात भिंगाचा स्कोप चालत नाही, छिद्राची साइट असते. म्हणून स्पर्धेचं स्वप्न असेल तर प्रशिक्षकाला आधी विचारा, कदाचित तुम्हाला स्कोप लागणारच नाही.

बोल्ट म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग. त्याची चाल सोपी आहे. दांडी वर, मागे, रिकामं काडतूस बाहेर. पुढे, खाली, नवं काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या घरात). प्रत्येक गोळीला हाताने काम करावं लागतं, म्हणून घाई आपोआप कमी होते. जुनी रायफल बघायला गेलात तर बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघा. आत खड्डे किंवा काळे डाग दिसले तर किंमत कितीही पाडून देत असले तरी सोडा. नळीच्या तोंडावर ठोकर बसल्याची खूण आहे का, हेही पाहा. कुंद्यावरचे (खांद्याला टेकणाऱ्या भागावरचे) ओरखडे मात्र खुशाल चालवून घ्या. परवान्यावर नोंद झाल्याशिवाय रायफल ताब्यात घेऊ नका, मग विकणारा सख्खा मामा का असेना.

आणखी एक : .२२ चा चाप रिकाम्या चेंबरवर ओढू नका. काडतूस पेटवणारी पिन चेंबरच्या कडेवर आदळते. सुका (गोळी न झाडता) सराव करायचाच तर वापरलेलं काडतूस किंवा डमी आत ठेवा, आणि घरात खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात.

स्कोप आणि माउंट

दुकानदार तुम्हाला ६-२४ पटीचा, लाल-हिरव्या दिव्याचा स्कोप दाखवेल. घेऊ नका. स्वस्तात एवढे आकडे बसवायचे तर भिंग आणि आतली यंत्रणा हलकीच असणार. ५० मीटरला ४×३२ चा (४ पट, ३२ मिमी भिंगाचा) साधा स्थिर स्कोप पुरतो, फार तर ३-९×४०. बघायच्या गोष्टी तीन. पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेमाची फुली सरकण्याचा दोष) ५० यार्डांच्या आसपास जुळवलेला असावा, कारण मोठ्या रायफलींचे बहुतेक स्कोप १०० यार्डांवर जुळवलेले असतात आणि जवळ डोळा जरा हलला की फुलीही निशाणावर सरकते. आत नायट्रोजन भरलेला असावा, म्हणजे धुकं धरत नाही. आणि नेम जुळवायची घुंडी फिरवताना प्रत्येक क्लिक बोटाला स्पष्ट जाणवला पाहिजे.

माउंट घेण्याआधी रायफलीवरची खाच मोजा. .२२ वर बहुतेकदा ११ मिमीचा डव्हटेल (तिरप्या कडांची खाच) असतो, मोठ्या रायफलीवर रुंद रेल. स्कोपची नळी एक इंची, म्हणजे २५.४ मिमी असेल तर कड्याही त्याच मापाच्या. आधी स्क्रू सैल ठेवून रायफल खांद्याला लावा, डोळे मिटा, गाल सहज टेकवा आणि डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र दिसेपर्यंत स्कोप पुढेमागे सरकवा. डोळा आणि भिंग यांत साधारण आठ-नऊ सेंटीमीटर अंतर राहतं. फुलीची उभी रेघ सरळ करण्यासाठी समोर ओळंबा टांगला की झालं. मग स्क्रू आलटूनपालटून, थोडे थोडे आवळा. जोर लावून आवळलात तर नळी चेपते. नेम रोज बदलतो अशी तक्रार ऐकली की मी आधी माउंटचे स्क्रू तपासायला सांगतो.

झीरो करणं

झीरो करणं म्हणजे फुली जिथे धरली तिथेच गोळी पडेल असा स्कोप जुळवणं. हे काम सकाळी करा. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, आणि ताशी १० किमीचा आडवा वारा ५० मीटरवर .२२ ची गोळी साधारण दीड सेंटीमीटर ढकलतो. ५० मीटरच्या निशाणावरचं दहाचं वर्तुळच १०.४ मिमीचं असतं, म्हणजे नेम अचूक असूनही गुण जातो.

रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवा, बोल्ट काढा आणि नळीतून २५ मीटरवरचं निशाण मधोमध आणा. रायफल न हलवता घुंड्या फिरवून फुली तिथेच आणा. आता बोल्ट घालून तीन गोळ्या झाडा, प्रत्येक वेळी मध्यावरच नेम धरून. गोळ्या कुठेही पडोत, नेम हलवायचा नाही.

तीन भोकांचा मध्य काढा. समजा तो ६ सेंमी खाली आणि ४ सेंमी उजवीकडे आहे. स्कोपवर पाव एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) लिहिलं असेल तर एक क्लिक १०० मीटरवर सुमारे ७.३ मिमी सरकतो, ५० वर ३.६ आणि २५ वर १.८. म्हणजे ३३ क्लिक वर आणि २२ क्लिक डावीकडे. घुंडीवरचा बाण गोळी कुठे जाईल ते दाखवतो. पुन्हा तीन झाडा, मग ५० मीटरवर जा आणि तिथे पाच-पाचच्या गटांनी बारीक जुळवणी करा. एकट्या भरकटलेल्या गोळीमागे घुंडी फिरवू नका. ५० ला जुळवलेली .२२ रायफल १०० मीटरवर जवळजवळ वीतभर खाली मारते, त्यात रायफलीचा दोष नाही.

काडतुसाचा ब्रँड बदलला की झीरो पुन्हा तपासा. दोन-तीन प्रकारांची थोडी थोडी काडतुसं झाडून बघा, जो प्रकार घट्ट गट देईल तोच पुढे घ्या. महागडंच काडतूस तुमच्या नळीला मानवेल असं नाही.

गोव्याची हवा

इथे रायफल वापराने कमी आणि हवेने जास्त बिघडते. जून ते सप्टेंबर दमटपणा, किनाऱ्यालगत वर्षभर खारं वारं. .२२ ची नळी आतून प्रत्येक वेळी घासायची गरज नसते, उलट तोंडाकडून सळई घालून घासाघीस केली तर नुकसानच. पण बाहेरचं लोखंड रेंजवरून आल्यावर दर वेळी तेलाच्या फडक्याने पुसा, कारण घामाच्या बोटांचे ठसे दोन दिवसांत तांबडे होतात. बंदुकीचंच तेल वापरा. खोबरेल घरात असतं म्हणून लावणारे आहेत, ते चिकट होऊन बोल्टमध्ये बसतं.

फोमच्या किंवा चामड्याच्या पेटीत रायफल ठेवून देऊ नका, दोन्ही ओल धरून ठेवतात. लोखंडी कपाट, आत सिलिका जेल, बोल्ट वेगळा, काडतुसं वेगळ्या कुलपात. स्कोपच्या भिंगावर बुरशीचे कोळ्याच्या जाळीसारखे धागे दिसायला लागले तर ते पुसून जात नाहीत, म्हणून पावसाळ्यात स्कोप हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवलेला बरा. काढून ठेवलात तर ऑक्टोबरात पुन्हा झीरो करावा लागेल, तेवढी काडतुसं बाजूला ठेवा. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याचा आदेश निघू शकतो. पोलीस ठाण्यात देताना पावती घ्या आणि देण्याआधी रायफलीवर तेलाचा जाडसर हात फिरवा, कारण तिथे ती किती दिवस राहील हे तुमच्या हातात नसतं.