कॉलेजचा इंग्लिश सपोर्ट कोर्स खरंच कामाला यावा म्हणून काय करायचं

गोव्यात सत्तरी, पेडणे, सांगे, केपे इकडची कितीतरी मुलं प्राथमिक शाळा मराठीतनं करतात, पाचवीपासून एकदम सगळं इंग्लिशमध्ये सुरू होतं, आणि मग कॉलेजात नायतर ताळगावच्या युनिव्हर्सिटीत पोचल्यावर कोणतरी सांगतं की तुझं इंग्लिश कच्चं आहे, तो सपोर्ट कोर्स घे. घ्याच, मी पण तेच सांगेन. पण नुसती हजेरी लावून काही होत नाही, कोर्स आपल्या विषयाला जोडला तरच त्याचा उपयोग होतो.

आधी तासांचा हिशोब बघा. दोन क्रेडिटचा कोर्स म्हणजे साधारण 30 तास. इंग्लिशच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजवाल्यांच्या अंदाजानुसार, भाषा किती येते ते मोजायच्या युरोपियन स्केलवर एक लेव्हल, म्हणजे बी-वनवरून बी-टूला जायला ढोबळमानाने 200 तास लागतात. म्हणजे सेमिस्टर संपल्यावर फाडफाड बोलता आलं नाही तर कोर्स फुकट गेला असं अजिबात नाही, 30 तासांत जे होण्यासारखं आहे तेवढंच मागायचं, उदाहरणार्थ "मला आयएसएचं, म्हणजे सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षेचं, दहा मार्कांचं उत्तर नीट लिहिता यायला हवं".

दुसरं म्हणजे बोलायचं इंग्लिश आणि अभ्यासाचं इंग्लिश वेगळं असतं. कॅनडातले भाषा-शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी हा फरक 1979 मध्ये मांडला, बाहेरच्या देशांतून आलेल्या मुलांना रोजचं बोलणं दोनेक वर्षांत जमतं पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात असं त्यांना दिसलं. त्यामुळे कळंगुटला टुरिस्टांशी मस्त बोलणारा मुलगा इकॉनॉमिक्सच्या पेपरात अडखळला तर तो "ढ" नाही, त्याला त्या भाषेची सवयच कधी मिळाली नाही.

कोर्स सुरू व्हायच्या आधी एक काम करा. आपल्याच विषयातला जुन्या पेपरातला प्रश्न घ्या, मोबाईल लांब ठेवा, अर्धा तास बसून उत्तर लिहा आणि तारीख घालून ठेवून द्या. शेवटी तसाच दुसरा प्रश्न लिहायचा आणि दोन्ही कागद इंग्लिशच्या नव्हे, आपल्या विषयाच्या सरांना किंवा मॅडमना दाखवायचे. कोर्सचं सर्टिफिकेट सगळ्यांनाच मिळतं, फरक पडला की नाही ते या दोन कागदांवर कळतं.

वर्गात आवडत्या सणावर निबंध लिहायला लावला तर लिहा, पण त्याने हिस्टरीचं उत्तर सुधारेलच असं नाही. सरळ विचारा, "सर, याच्या जागी माझ्या जिऑग्राफीच्या असाइनमेंटचा ड्राफ्ट आणला तर चालेल?" बरेच शिक्षक खुशीने हो म्हणतात. प्रश्नपत्रिकेतली क्रियापदं पण त्यांच्याकडनं समजून घ्या, कारण डिस्कस, कम्पेअर, जस्टिफाय यांना प्रत्येकी वेगळं उत्तर लागतं आणि आपली मुलं तिन्हींना माहीत असलेलं सगळं ओतून येतात, मग मार्क का गेले तेच कळत नाही.

आता चुका. वही लाल होऊन आली की मन मोडतं, म्हणून सगळ्या चुका एकदम धरायच्याच नाहीत, एक-दोन प्रकार निवडायचे. मराठीवाल्यांसाठी पहिला उमेदवार म्हणजे नामाआधी लागणारे "अ" (a) आणि "द" (the), कारण आपल्या भाषेत ते नाहीतच. न्यूझीलंडमधल्या जॉन बिचनर यांच्या 2008 च्या अभ्यासात फक्त याच एका चुकीवर फीडबॅक मिळालेल्या विद्यार्थ्यांचं लिखाण सुधारलं आणि ते दोन महिन्यांनंतरही टिकलं. पण दुरुस्त केलेला परिच्छेद परत लिहून काढा, नुसतं बघून "हां कळलं" म्हणू नका.

शब्दांसाठी जाड डिक्शनरी पाठ करत बसू नका. एव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली 570 शब्दकुटुंबांची (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेले शब्द म्हणजे एक कुटुंब) एक अकॅडेमिक वर्ड लिस्ट काढली, इंटरनेटवर फुकट मिळते, अभ्यासाच्या पुस्तकांतले साधारण दहा टक्के शब्द त्यातलेच असतात. असेस, डिराइव्ह, सिग्निफिकंट, फॅक्टर असले. लिस्ट वरून खाली वाचू नका, आपल्या टेक्स्टबुकात ते शब्द शोधा आणि आख्खं वाक्य वहीत उतरवा.

आणि विचार मराठीत करायला लाजू नका. कन्सेप्ट आधी मराठीत मैत्रिणीला समजावून सांगा, मुद्दे मराठीत काढा, मग इंग्लिशमध्ये लिहा. मुद्दाच डोक्यात नसेल तर ग्रामर कितीही सुधारा, उत्तर पोकळच राहतं. पूर्ण उत्तर ट्रान्सलेटरमधनं काढणं मात्र नको, परीक्षेत तो सोबत नसतो.

बोलण्यासाठी दोघं-तिघं मिळून सेमिनारचं प्रेझेंटेशन आधी एकमेकांपुढे करा, हसणाऱ्याला त्या गटात घेऊ नका.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत तुमचं लिखाण कोणी तपासलेलंच नसेल, नुसत्या गाळलेल्या जागा भरणं चाललं असेल, तर चार-पाच जणांनी मिळून जाऊन फीडबॅक मागा, एकट्याने बोलायला जड जातं. आणि जमलं तर कोर्स पहिल्याच वर्षी घ्या, शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट डोक्यावर असताना एकच परिच्छेद परत परत लिहायला वेळ कुठनं काढणार.