थायरॉइडवर संशोधन करायचंय? आधी रक्त कधी घेतलं ते लिहायला शिका

थिसिससाठी थायरॉइडचा विषय सोपा वाटतो म्हणून निवडला जातो. पेशंट भरपूर, तपासणी एका नळीची, औषध एकच गोळी आणि निकाल थेट आकड्यात. यातली शेवटची गोष्ट सर्वांत फसवी. रिपोर्टवर दशांशासकट आकडा दिसला की तो दगडावरची रेघ वाटतो, आणि पुढचं सगळं काम त्या रेघेवर उभं राहतं.

टीएसएच हे थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन; थायरॉइड मंदावलं की ते वाढतं. ‘टीएसएच ४.५ पेक्षा जास्त’ एवढाच समावेशाचा निकष लिहिलेला प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा) पाहिला की पोटात गोळा येतो. सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझमवरचा (टीएसएच वाढलेला, पण टी४ हे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन नॉर्मल) अभ्यास बुडतो तो बहुतेक वेळा याच ओळीत, म्हणून हा मुद्दा लांबवून सांगतो.

एकाच माणसाचा टीएसएच, काहीही न बदलता, त्याच्या स्वतःच्या सरासरीभोवती साधारण २० टक्क्यांनी हलत असतो. समजा एखाद्या बाईची खरी सरासरी ४.२ आहे, म्हणजे तुमच्या निकषात ती बसत नाही. पण एकच नमुना घेतला तर तो ४.५ च्या वर येण्याची शक्यता ढोबळमानाने तीनात एक. ती अभ्यासात आली. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तर आकडा तिच्या नेहमीच्या जागी, ४.२ च्या आसपास परतलेला. मधल्या काळात तुम्ही दिलं असेल ते, म्हणजे गोळी, व्हिटॅमिन डी, आहार किंवा योगासनं, काहीही असो, श्रेय त्यालाच जाणार. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. उंच आकडे निवडून घेतले की ते पुढच्या वेळी खाली येतातच, उपचार असो वा नसो.

म्हणून तुलनेचा गट नसलेला ‘उपचारापूर्वी आणि उपचारानंतर’ हा आराखडा सबक्लिनिकल आजारात वापरू नका. पी व्हॅल्यू ०.००१ आली, म्हणजे फरक योगायोगाचा नाही असं वाटलं, तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली ट्रस्ट ट्रायल यासाठी नीट वाचा. ६५ वर्षं आणि त्यापुढची ७३७ माणसं. टीएसएच किमान दोनदा, तेही तीन किंवा अधिक महिन्यांच्या अंतराने, ४.६० ते १९.९९ मध्ये असेल तरच प्रवेश. सुरुवातीची सरासरी ६.४०. वर्षानंतर लेव्होथायरॉक्सिन (टी४ ची गोळी) घेणाऱ्यांची ३.६३ आणि प्लासिबोवाल्यांची (औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांची) ५.४८. इतकं गाळून घेतलेल्या लोकांमध्येसुद्धा प्लासिबोवर आकडा जवळजवळ एकने उतरला. थकवा आणि इतर लक्षणांत दोन गटांत फरक नव्हता. तिथे प्लासिबो गट नसता तर काय निष्कर्ष निघाला असता, हे स्वतःशी मांडून बघा.

निकष असा लिहा: दोन नमुने, किमान तीन महिन्यांच्या अंतराने, दोन्ही हद्दीबाहेर. पहिला नमुना फक्त चाळणीसाठी. बेसलाइन (तुलनेसाठी सुरुवातीचा आकडा) म्हणून दुसरा धरायचा किंवा शक्य असेल तर तिसराच घ्यायचा.

आणि ज्यांची भरती एका नमुन्यावर आधीच होऊन गेली आहे, त्यांनी घाबरू नये. रँडमायझेशन (गट चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणं) खरं झालं असेल तर दोन्ही गट सारखेच खाली येतात, त्यामुळे तुलना शाबूत राहते. नुकसान होतं ते ताकदीचं (खरा फरक पकडण्याच्या क्षमतेचं), कारण गटात मुळात निरोगी असलेले बरेच लोक शिरलेले असतात. त्यावर उपाय हा की उपचार सुरू करण्याआधीचा एखादा साठवलेला नमुना असेल तर तो तपासा, विश्लेषणात बेसलाइन टीएसएच सहचल (हिशेबात धरायचा जोडघटक) म्हणून घ्या आणि मर्यादा मोकळेपणाने लिहा. एवढ्यावर थिसिस वाचतो.

आता वेळ. टीएसएच मध्यरात्रीनंतर पहाटेच्या सुमारास सर्वांत वर असतो आणि दुपारी सर्वांत खाली. सकाळी ८ ला ५.२ असलेला माणूस दुपारी २ ला ४.३ निघू शकतो. बेसलाइन सकाळच्या ओपीडीत आणि फॉलोअप दुपारच्या क्लिनिकमध्ये, असं झालं की औषधाविनाच ‘सुधारणा’ दिसते. सगळ्या भेटींसाठी एकच खिडकी ठरवा, उदाहरणार्थ ८ ते १०, आणि केस रेकॉर्ड फॉर्ममध्ये तारखेशेजारी ‘रक्त घेतल्याची वेळ’ आणि ‘शेवटची गोळी घेतल्याची वेळ’ असे दोन रकाने ठेवा. लेव्होथायरॉक्सिन घेतल्यावर काही तास फ्री टी४ (प्रथिनाला न चिकटलेला, मोकळा टी४) वर चढतो, म्हणून रक्त गोळीच्या आधी घ्यायचं. हे रकाने नंतर आठवून भरता येत नाहीत. तसा प्रयत्नही करू नका, तो खोटा डेटा ठरतो.

टी४ चं अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचं. डोस बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे लागतात आणि पिट्युटरी तिच्या मागून येते. त्यामुळे ६ ते ८ आठवड्यांच्या आत घेतलेला टीएसएच डोसबद्दल काही सांगत नाही. ग्रेव्ह्ज आजारात (थायरॉइड अति काम करतं तो) तर याहून सांभाळून: कार्बिमाझोलवर (थायरॉइडला आवरणारं औषध) फ्री टी४ नॉर्मल झाल्यानंतरही टीएसएच कित्येक आठवडे, कधी महिने दबलेलाच राहतो. तिथे सुरुवातीचा परिणाम टीएसएचवर मोजणं चूक आहे.

टीएसएच वर आणि फ्री टी४ सुद्धा वरच्या टोकाला, अशी जोडी दिसली तर दुर्मीळ आजार शोधण्याआधी गोळ्या मोजा. महिनाभर चुकवलेल्या गोळ्या भेटीच्या आधी चार दिवस नेमाने घेतल्या की हेच चित्र येतं. ‘गोळी घेता का?’ या प्रश्नाला सगळे होच म्हणतात. ‘गेल्या सात दिवसांत किती वेळा राहिली?’ असं विचारा, आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेतात का तेही. त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं.

बायोटिनचा (एक ब जीवनसत्त्व) रकाना नसलेला फॉर्म मंजूर करू नये असं माझं ठाम मत आहे. अनेक मशिनवरच्या चाचण्या स्ट्रेप्टॅव्हिडिन (बायोटिनला घट्ट चिकटणारं प्रथिन) आणि बायोटिनच्या जोडीवर चालतात. केस-नखांसाठीच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असतं. रोजची गरज फक्त तीसेक मायक्रोग्रॅमची. रक्तातलं जादा बायोटिन टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी४, फ्री टी३ खोटे जास्त दाखवतं. त्याच पद्धतीची असेल तर टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडीची (ग्रेव्ह्ज ओळखण्याची) चाचणीही खोटी पॉझिटिव्ह येते. कागदावर पूर्ण ग्रेव्ह्ज, समोर ठणठणीत माणूस. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. रुग्ण याला औषध समजत नाहीत, म्हणून प्रश्न ‘केस, त्वचा, नखांसाठी काही घेता का?’ असाच हवा. किमान दोन दिवस बंद ठेवून रक्त घ्या. डोस १०० मिलिग्रॅमच्या घरात असेल तर जास्त दिवस.

वगळण्याचे बाकीचे निकष थोडक्यात: अमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांचं औषध, वजनाच्या ३७ टक्के आयोडिन), लिथियम, स्टेरॉइड, गेल्या दोन महिन्यांत स्कॅनसाठी दिलेलं आयोडिनयुक्त कॉन्ट्रास्ट, नुकताच झालेला गंभीर आजार, गर्भधारणा आणि बाळंतपणानंतरचं पहिलं वर्ष. हेपरिनवर (रक्त गोठू न देणारं औषध) असलेल्या रुग्णाचा फ्री टी४ नळीतच वाढू शकतो.

गर्भारपणावर काम करायचं असेल तर तो वेगळा विषय समजा. गर्भवतींची थायरॉइड तपासून उपचार करण्याचा कॅट्स अभ्यास (२०१२) सुमारे २२ हजार महिलांचा होता. उपचाराने मुलांच्या तिसऱ्या वर्षीच्या बुद्ध्यंकात फरक पडला नाही. पण गोळी सुरू झाली तोवर गर्भारपणाचे साधारण १३ आठवडे उलटले होते, म्हणजे बाळ पूर्णपणे आईच्या टी४ वर अवलंबून असण्याचा बराचसा काळ संपला होता. तुमची भरती कितव्या आठवड्यात होणार, हे एथिक्स कमिटीच्या अर्जाआधी दवाखान्याच्या नोंदवहीतून मोजा.

ब्लाइंडिंग (कोण कुठल्या गटात हे लपवून ठेवणं) इथे पटकन फुटतं. टीएसएच ११ वरून २ वर आला की कोण कुठल्या गटात आहे हे डॉक्टरला कळतंच. म्हणून थायरॉइडचे रिपोर्ट अभ्यासाबाहेरच्या एका व्यक्तीकडे जावेत, तिने डोस ठरवावा आणि प्लासिबो गटातही अधूनमधून खोटे डोसबदल करावेत. ट्रस्टमध्येही प्लासिबो गटात असे खोटे डोसबदल केले होते. टीएसएच १० च्या पुढे गेला किंवा ०.४ खाली घसरला तर काय करायचं, हे प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहिलेलं असावं.

इतर हार्मोन्सनाही हीच शिस्त लागते. कॉर्टिसॉल सकाळी ८ चं. एसीटीएच (कॉर्टिसॉल तयार करायला लावणारं हार्मोन) ईडीटीएच्या (रक्त न गोठू देणाऱ्या) नळीत, बर्फावर, लगेच थंड सेंट्रिफ्यूज. रुग्ण प्रेडनिसोलोनवर (एक स्टेरॉइड) असेल तर ते बऱ्याच किटमध्ये कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जातं. तोंडावाटे इस्ट्रोजेन घेणाऱ्या बाईचं एकूण कॉर्टिसॉल वाहक प्रथिनामुळे फुगतं, ते सहा आठवडे थांबवावं लागतं. प्रोलॅक्टिन वाढलेलं दिसलं की मॅक्रोप्रोलॅक्टिन (त्याचा सहसा निरुपद्रवी, मोठा रेणू) तपासल्याशिवाय रुग्ण अभ्यासात घेऊ नका. बायकांचं टेस्टोस्टेरॉन साध्या इम्युनोअसेवर (अँटिबॉडीवर चालणारी चाचणी) मोजून पीसीओएसवर (बायकांमधला अंडाशय-हार्मोनचा विकार) निष्कर्ष काढणं मला पटत नाही. इतक्या कमी पातळीला मास स्पेक्ट्रोमेट्रीच (रेणू वजनावरून ओळखणारी पद्धत) हवी.

आकडेवारी भरताना टीएसएचची सरासरी आणि एसडी (प्रमाण विचलन) थेट काढू नका. त्याचं वितरण उजवीकडे ओढलेलं असतं. लॉग घ्या किंवा मध्यक द्या. ‘०.०१ पेक्षा कमी’ असा रिपोर्ट आला तर शून्य भरू नका, लॉग तिथेच अडेल. वेगळ्या रकान्यात ‘मापनमर्यादेखाली’ अशी खूण करा. फ्री टी४ काही लॅब नॅनोग्रॅममध्ये देतात, काही पिकोमोलमध्ये. १ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे जवळपास १२.९ पिकोमोल प्रति लिटर. किटचं नाव आणि लॉट नंबर प्रत्येक नमुन्यापुढे लिहा. अभ्यासाच्या मध्यावर लॅबने मशिन बदललं आणि कुणाला कळलंच नाही, असं होऊ शकतं. शक्य असेल तर प्रत्येक भेटीचा एक जादा भाग उणे ८० अंशांवर ठेवा आणि शेवटी सगळे एकाच बॅचमध्ये चालवा.

सँपल साइज जुन्या थिसिसमधून उचलू नका. लक्षणांच्या ० ते १०० मोजपट्टीवर ९ गुणांचा फरक महत्त्वाचा मानला आणि एसडी १८ धरलं, तर ८० टक्के ताकदीसाठी प्रत्येक गटात ६३ लागतात. २० टक्के गळती धरली तर ७९. हे गणित पाच मिनिटांचं आहे. ‘वेळ कमी आहे, ३०-३० घेऊन टाका’ म्हणणाऱ्या गाइडसमोर ते कागदावर मांडा. चांगला गाइड ऐकतो. ऐकत नसेल तर प्रश्न लहान करा: ट्रायलऐवजी मोजमापाचा अभ्यास करा, जसं एकाच गटाच्या सकाळ-दुपारच्या टीएसएचमधला फरक. असा लहान पण चोख अभ्यास तीस लोकांतही उभा राहतो आणि त्याची लाज वाटायचं काही कारण नाही.

भरती सुरू करण्याआधी पहिल्या दहा रुग्णांवर फॉर्म पूर्ण भरून बघा. रक्ताची वेळ, गोळीची वेळ, बायोटिन आणि लॉट नंबर यांपैकी एखादा जरी रकाना दोनपेक्षा जास्त फॉर्ममध्ये रिकामा राहिला, तर रक्त घेणाऱ्या नर्ससोबत आणि टेक्निशियनसोबत बसून फॉर्मची मांडणी बदला. वेळेचा रकाना नळीच्या लेबलवरच छापून घेतला तर तो सहसा राहत नाही.