महागडे स्पीकर कानांनी कसे पारखावेत

स्पीकरच्या शोरूममध्ये तुमच्यासाठी पहिलं गाणं कोणतं लागणार, हे आत शिरण्याआधीच सांगता येतं. एक बाई माइकला जवळजवळ ओठ लावून हलक्या आवाजात गातेय, सोबतीला एकच गिटार, मध्येच कुठेतरी एखादी घंटी किणकिणते. ऐकणारा खूश. अडचण एवढीच, की या ध्वनिमुद्रणात वाईट वाजण्यासारखं काही नसतंच. वीस हजारांच्या जोडीवरही ते गोड लागतं आणि वीस लाखांच्या जोडीवरही. विकायला उत्तम, पारखायला कुचकामी.

लाखाच्या वर पैसे मोजणार असाल तर गाणी तुमची हवीत, आणि ती एकमेकांपासून जितकी वेगळी तितकं बरं. कोणतंही मुद्रण रेकॉर्डिस्टने स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या स्पीकरवर ऐकून घडवलेलं असतं. त्याच्या स्पीकरला बास (खालचे, जड स्वर) कमी पडत असेल, तर त्याने तो मुद्रणात थोडा चढवलेला असणार. आता तो बास तुम्हाला जास्त वाटला, तर दोष मुद्रणाचा की समोरच्या स्पीकरचा? एका गाण्यावरून हे कळायला मार्ग नाही. पण वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी केलेल्या सात-आठ मुद्रणांत एकच खोड पुन्हा पुन्हा ऐकू आली, तर ती मुद्रणाची नाही, स्पीकरची (किंवा खोलीची).

पायरी १ : घरी बसून यादी करा

यादीत निदान अर्धे आवाज असे असू द्या, जे तुम्ही माइकशिवाय, समोर बसून ऐकले आहेत. इथे आपली फसगत होते. ‘इतकी वर्षं सवाई गंधर्व महोत्सवाला जातोय, तानपुरा कसा वाजतो ते मला सांगू नका,’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण मंडपात पोचणारा तानपुरा माइक, मिक्सर आणि भले थोरले स्पीकर यांतून आलेला असतो. म्हणजे एका स्पीकरला प्रमाण मानून दुसरा तपासायचा. घरगुती बैठक, कुणाचा रियाज, देवळातलं भजन, शेजारच्या मुलाची पेटी, घरच्या माणसांचं बोलणं ही खरी प्रमाणं. पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी मुंबईकरांना नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स (एनसीपीए) आहे. २००६ साली सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया तिथे वाजवतो. त्याची एक मैफल ऐकून मग स्पीकर बघायला निघालात, तर चेलो आणि डबल बास यांचा खरा आवाज कानात असेल.

फाइल सीडीवरून घेतलेली किंवा ‘फ्लॅक’ (आवाजात काटछाट न करता साठवलेली) असावी. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ पुरेसं आहे. त्याहून मोठ्या आकड्यांच्या मागे लागू नका. व्हॉट्सॲपवरून आलेली गाणी नकोत. एकाच गाण्याच्या जुन्या आणि ‘रीमास्टर्ड’ आवृत्तीत मोठा फरक असू शकतो, म्हणून प्रत्येक दुकानात तीच फाइल, त्याच पेन ड्राइव्हवरून.

पायरी २ : मांडणी तपासा

दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा साधारण समभुज त्रिकोण हवा. ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा स्पीकरमधला छोटा भाग) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावा आणि स्पीकर मागच्या भिंतीला चिकटलेले नसावेत. ॲम्प्लिफायरवरचे बास-ट्रेबल मधोमध, ‘लाउडनेस’चं बटण बंद.

मग एखादं जुनं मोनो मुद्रण लावा, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज येणारं. पन्नासच्या दशकातलं कोणतंही मराठी भावगीत चालेल. गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मधून, एका ठिकाणाहून आला पाहिजे. तो खोलीभर पसरला, कुठून येतोय तेच कळेना आणि बासही पातळ वाटला, तर बहुधा एका स्पीकरच्या वायर उलट्या जोडल्या आहेत. चांगल्या शोरूममध्येही हे घडतं. न लाजता सांगा.

पायरी ३ : आवाजाची पातळी सारखी करा

दोन जोड्यांची तुलना करताना ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया. आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी आवाजात फारसे ऐकू येत नाहीत, आवाज वाढवला की ते उठून येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली हे मोजून मांडलं. परिणाम असा, की किंचित मोठ्याने वाजणारा स्पीकर आपल्याला ‘भरदार’ आणि ‘स्पष्ट’ वाटतो. मोठ्याने वाजतोय हे मात्र लक्षातही येत नाही. एका डेसिबलचा फरकसुद्धा मत फिरवायला पुरतो.

आता एका स्पीकरची संवेदनशीलता (ठरावीक विजेवर तो किती मोठ्याने वाजतो) ८४ डेसिबल आहे आणि शेजारच्याची ९०. व्हॉल्यूमच्या बटणाला हात न लावता एकावरून दुसऱ्यावर गेलं, की दुसरा ६ डेसिबलने मोठा वाजणार. तेवढा आवाज काढायला पहिल्याला चौपट वॉट लागतात. यात दुकानदाराचा डाव असेलच असं नाही, पण निकाल आधीच लागलेला असतो.

उपाय सोपा आहे. पेन ड्राइव्हवर ‘पिंक नॉइज’ची फाइलही ठेवा आणि ती दोन्ही जोड्यांवर लावा. हा एकसारखा सूं सूं आवाज असतो आणि त्यात प्रत्येक सप्तकाला सारखी ऊर्जा मिळालेली असते. खुर्चीत बसून, मोबाइल कानाच्या जागी धरून, आवाज मोजणाऱ्या ॲपवर दोन्ही जोड्यांचा आकडा जुळवा. मोबाइलचा माइक अचूक नसेना का, आपल्याला आकडा खरा नको, सारखा हवा.

पायरी ४ : बघू नका

फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच श्रोते, तेच स्पीकर. एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर. स्पीकर दिसू लागल्यावर गुण बदलले. अनुभवी कानांचेही बदलले. अक्रोडाच्या लाकडाचं पॉलिश आणि किमतीची चिठ्ठी यांचाही आवाज असतो म्हणायचा.

दुकानात पडदा कोण लावणार? पण सोबत एकाला न्या. तुम्ही डोळे मिटा, त्याला जोडी बदलू द्या आणि कोणती वाजतेय ते सांगू नको म्हणून बजावा. तुकडे पंधरा-वीस सेकंदांचे ठेवा. आवाजाचे बारकावे कानात फार वेळ टिकत नाहीत. अख्खं गाणं एकावर आणि मग अख्खं दुसऱ्यावर ऐकलंत, तर तुम्ही आवाजाची नव्हे, आठवणींची तुलना करत असता.

पायरी ५ : ऐकणं

सुरुवात भरगच्च मुद्रणाने करा. टूल-ऑलिव्ह यांच्या चाचण्यांत ट्रेसी चॅपमनचं ‘फास्ट कार’ वर्षानुवर्षं वापरलं गेलं, कारण स्पीकरांमधले फरक त्यावर श्रोत्यांना चटकन कळत. बास, ड्रम, गिटार, गळा असे खालच्या स्वरांपासून वरच्यांपर्यंतचे सगळे पट्टे सतत भरलेले असले की कुठे उंचवटा आहे, कुठे खड्डा, ते झाकलं जात नाही. एकट्या वाद्याच्या मुद्रणात ते सहज झाकलं जातं. शोरूमच्या त्या बाईचं गुपित हेच. म्हणून आधी भरगच्च गाण्यावर ‘काहीतरी वेगळं आहे’ एवढं पकडा. ते नेमकं काय, हे शोधायला एकेकटे आवाज.

पहिला, पुरुषाचं बोलणं. बातम्या, कथाकथन, काहीही. १९७० च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी स्टुडिओबाहेरून प्रसारण करणाऱ्या गाड्यांसाठी एलएस ३/५ए हा छोटासा स्पीकर घडवला. त्यांच्याकडे माणसाचं बोलणं ही कायमची कसोटी होती. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला, तर स्पीकरची पेटीच थरथरतेय. मग व्यंजनांकडे कान द्या. ‘चार’मधला च आणि ‘चांगला’मधला च वेगळे ऐकू येतात का? स, श कानाला टोचतात का? मराठी बोलण्यासारखी दुसरी कसोटी आपल्याला नाही, कारण यात आपल्याला कुणी फसवू शकत नाही.

मग गायिका, खालून वर जाणारी. षड्ज काळी चारचा धरला तर तो सुमारे २०८ हर्ट्झ (सेकंदाला तितकी कंपनं), तार षड्ज ४१५. मूळ स्वर वूफरच्याच (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या भागाच्या) ताब्यात राहतात, पण त्यांचे वरचे अंश (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे बारीक स्वर) दोन-तीन हजार हर्ट्झच्या पुढे ट्वीटरकडे जातात. तान वर चढताना गळ्याचा रंग पालटला, गायिका एकदम पुढे आली किंवा तिच्या आवाजाला धार चढली, तर वूफर आणि ट्वीटर यांचा सांधा नीट बसलेला नाही.

तानपुऱ्यावर मात्र वेळ घालवा. खरा तानपुरा हवा, इलेक्ट्रॉनिक नको. मिरजेचे कारागीर जिच्यासाठी तासन्‌तास घासतात ती जवारी (घोडीचा तारेखालचा घासलेला पृष्ठभाग) एकेका तारेतून वरच्या अंशांचा अख्खा फुलोरा काढते. खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गंधार उमटतो. विलंबित ख्यालाची सुरुवात लावा, गळा लागण्याआधीची. चांगल्या स्पीकरवर तो गंधार शोधावा लागत नाही, तो असतोच. साधारण स्पीकरवर त्या जागी नुसती झिणझिण येते, आणि वर चमक भरलेल्या स्पीकरवर ही झिणझिण सुरुवातीला ‘डिटेल’ म्हणून आवडतेसुद्धा. मग गायक सूर लावतो. आता तानपुऱ्याचं काय झालं? तो गळ्यामागे आपल्या जागी चालू राहायला हवा. गायक थांबला की तानपुरा एकदम पुढे उडी मारत असेल आणि गायला लागला की नाहीसा होत असेल, तर हे स्पीकर दाटीत गोंधळतात. (काही मुद्रणांत रेकॉर्डिस्टनेच तानपुरा वरखाली केलेला असतो. म्हणूनच दोन वेगळी मुद्रणं.)

तबल्याला दोन हात, म्हणून दोन परीक्षा. बहुतेक चर्मवाद्यांना निश्चित सूर नसतो. मधल्या काळ्या शाईमुळे तबल्याला तो मिळतो. या वाद्यांतल्या सुरेल अंशांबद्दल सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं. तेव्हा दायाँ कोणत्या सुरात लावलाय ते तुम्हाला गुणगुणता आलं पाहिजे. चाटेवरचा (कडेवरचा) ‘ना’ आणि लवेवरचा (चाट आणि शाई यांच्या मधल्या भागावरचा) ‘तिं’ नुसते कमी-जास्त जोराचे ठोके वाटत असतील, तर स्पीकर सूर खातोय. डग्ग्यावर मनगट दाबून सरकवलेला ‘घे’ ऐका. तो घुमारा सलग सरकायला हवा. वाटेतला एखादा स्वर फुगला आणि पुढचा गायब झाला, तर बासमध्ये गडबड आहे. ती स्पीकरची की खोलीची, हे शोरूममध्ये ठरवू नका. त्याबद्दल शेवटच्या पायरीत.

पियानो लांबलचक पल्ल्यासाठी: सगळ्यात खालची पट्टी २७.५ हर्ट्झ, वरची ४१८६. डावीकडून उजवीकडे जाताना वाद्य तेच राहतं ना, एवढं बघा. वाद्यवृंदाचं मुद्रण मोठ्या आवाजाच्या जागेसाठी. सगळे एकदम वाजले की आवाज मोठा व्हावा, कर्कश नव्हे.

शेवटी एक वाईट मुद्रण. बालगंधर्वांची ७८ आरपीएमची तबकडी, किंवा आवाज चेपून चेपून भरलेलं आजचं चित्रपटगीत, जे तुम्ही घरी ऐकणारच आहात ते. जुन्या तबकडीची खरखर एका बाजूला राहून गळा वेगळा ऐकू येत असेल तर उत्तम. उलट सगळा संग्रह असह्य करून ठेवणारे, फक्त निवडक दहा तबकड्यांवर खुलणारे लाखमोलाचे स्पीकर असतात. विक्रेते त्याला ‘पारदर्शक’ म्हणतात. मी असले स्पीकर घेऊ देत नाही.

पायरी ६ : हळू आवाजात, जास्त वेळ

आवाज खाली आणा, रात्री घरचे झोपल्यावर ठेवाल तेवढा. त्या पातळीला गाण्यातला जीव गेला तर फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हे स्पीकर उपयोगाचे नाहीत. मग अर्धा-पाऊण तास काहीही न तपासता ऐकत बसा. कान दमले, बंद करावंसं वाटलं, तर कारण सापडलं नाही तरी तशी नोंद करा.

पायरी ७ : घरी आणून ऐका

काही शे हर्ट्झच्या खाली स्पीकरपेक्षा खोलीच जास्त बोलते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला खोलीच्या (मीटरमधल्या) लांबीच्या दुपटीने भागा. १५ फुटी हॉलमध्ये उत्तर ३७-३८ हर्ट्झ येतं, १० फुटी रुंदीला ५६. या स्वरांच्या आसपास तुमचा हॉल स्वतःच घुमणार, स्पीकर कोणताही असो. शोरूमची लांबी-रुंदी वेगळी, म्हणून तिथला बास तिथेच राहतो.

एवढ्या किमतीला घरी डेमो मागायला संकोच नको. आलेली जोडी आधी भिंतीपासून दोन फूट, मग तीन फूट ठेवून तोच डग्गा ऐका. खुर्चीही थोडी पुढे-मागे करून पाहा, खोलीच्या बरोबर मध्ये बसू नका. सोफा, पडदे, पुस्तकांचं कपाट जिथे नेहमी असतं तिथेच असू द्या. घुमारा कुठेच आवरत नसेल तर बहुतेक वेळा त्याच कंपनीची लहान जोडी त्या खोलीत जास्त चांगली वाजते, आणि स्वस्तही पडते. दुकानदार हे आपणहून सांगणार नाही, तेव्हा डेमोसाठी दोन्ही जोड्या एकदमच मागवा.