स्लाइड फिल्म घेताना या चुका टाळा : सोलापूरचं ऊन, बाग आणि प्रवास

स्लाइड फिल्म म्हणजे निगेटिव्हऐवजी थेट खऱ्या रंगांचं चित्र देणारी फिल्म, आणि व्हेल्व्हिया ही त्यातलीच एक. ‘व्हेल्व्हियाचे रंग भडक, म्हणून बागेसाठी तीच घ्यायची’ हा हिशेब सोलापुरात हमखास चुकतो. व्हेल्व्हिया ५० चा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-सावलीतला फरक, मुळातच जास्त. भर दुपारी तिच्यावर टिपलेली जास्वंद म्हणजे नुसता लाल डाग : पाकळीवरच्या शिरा गायब आणि पानांखालची सावली काळीकुट्ट. हीच फिल्म सकाळी सात वाजता किंवा पावसाळी ढगाळ दिवशी लावा, ओल्या पानांचा हिरवा काय खुलतो ते दिसेल. दिवसभर हिंडायचं असेल, फोटोत माणसं असतील, तर प्रोव्हिया १००एफ किंवा एक्टाक्रोम ई१०० ही स्लाइड फिल्म घ्यावी. व्हेल्व्हियावर चेहरे लालसर येतात.

सगळ्यात जास्त रोल वाया जातात ते एक्स्पोजरमध्ये, म्हणजे फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा ते ठरवताना. कलर निगेटिव्ह एखादा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) जास्त प्रकाश सहज पचवते. स्लाइडवर मात्र तेवढ्यानं उजळ भाग कोरा होतो आणि तो तपशील पुन्हा मिळत नाही. म्हणून मोजायचं ते उजळ भागावरून. पण प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतल्या भक्तांनी फ्रेम भरली, की मीटर त्या पांढऱ्याला करडा समजतो आणि स्लाइड मळकट येते. तिथे एक ते दीड स्टॉप वाढवा. नांगरलेल्या काळ्या रानात उलटं, साधारण एक स्टॉप कमी. महत्त्वाच्या दृश्याच्या अर्ध्या-अर्ध्या स्टॉपच्या फरकानं तीन फ्रेम घ्या. रोल महाग आहे खरा, पण हुकलेली यात्रा वर्षभर परत येत नाही.

कडुलिंबाच्या सावलीत फुलं निळसर येतात, कारण तिथे उजेड मोकळ्या आभाळाचा असतो. रंगात थोडी ऊब आणणारा ८१ए फिल्टर लावा.

संध्याकाळी तळ्यात उतरलेले सिद्धेश्वर मंदिराचे दिवे टिपायचे तर ट्रायपॉड हवाच, पण फिल्मही बघून घ्या. व्हेल्व्हिया ५० ला चार सेकंदांपासूनच जादा एक्स्पोजर द्यावं लागतं आणि रंगही सरकतो. प्रोव्हिया १००एफ १२८ सेकंदांपर्यंत दुरुस्ती मागत नाही.

मे महिन्यात रोल गाडीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेनं रंगाचा तोल बिघडतो. घरी फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर दीडेक तास डबी उघडू नका, नाहीतर फिल्मवर दव धरतं. विमानतळावर रोल चेक-इन सामानात न टाकता हातात ठेवा आणि हातानं तपासायची विनंती करा.

रोल घेण्याआधीच लॅबला विचारा : ‘ई-६ करता का?’ ई-६ म्हणजे स्लाइड फिल्म धुण्याची प्रक्रिया. नुसतं ‘कलर’ सांगून दिलेला रोल सी-४१ मध्ये, म्हणजे कलर निगेटिव्हच्या प्रक्रियेत गेला, तर स्लाइडऐवजी विचित्र रंगांची निगेटिव्ह हातात येते. जुन्या सामानात कोडाक्रोम ही कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म सापडली तर ती ई-६ साठी देऊच नका. तिची के-१४ प्रक्रिया वेगळी होती आणि २०१० च्या अखेरीपासून ती बाजारात कुठेच होत नाही.